कलाशिक्षणाच्या प्रवेशासाठी पोर्टफोलिओ कसा तयार करावा

दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत बारावीचे तीन-चार विद्यार्थी चित्रांचे गठ्ठे घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "सर, यातली कोणती पाठवायची?" प्रश्न योग्य असतो, पण तो विचारायला सहा महिने उशीर झालेला असतो. अमेरिकेतील बऱ्याच कलासंस्थांच्या अर्जांची मुदत जानेवारीच्या आसपास संपते. तोपर्यंत सराव परीक्षा, प्रयोगवह्या आणि प्रात्यक्षिकेही डोक्यावर असल्याने नवे काही काढायला वेळ उरत नाही, आणि मग घरात जे आहे त्यातलेच बरे दिसणारे उचलून पाठवले जाते. त्यामुळे हा लेख अकरावीची वार्षिक परीक्षा नुकतीच संपली आहे असे गृहीत धरून लिहिला आहे.

पोर्टफोलिओ नेमका कुठे लागतो

पोर्टफोलिओ म्हणजे प्रवेशासाठी निवडून मांडलेल्या स्वतःच्या कामांचा संच. तो कुठे लागतो हे आधी स्पष्ट करून घ्यावे, कारण यात अनेक पालकांची गल्लत होते. महाराष्ट्रात बी.एफ.ए.च्या, म्हणजे ललित कलेच्या पदवीच्या, प्रवेशासाठी राज्याची जी सीईटी होते, तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र असे प्रात्यक्षिक पेपर आणि सामान्य ज्ञानाची प्रश्नपत्रिका असते. परीक्षा केंद्रावर ठरलेल्या वेळेत काय काढले, त्यावर ती ठरते. घरी केलेल्या कामाची फाइल तिथे उपयोगी पडत नाही. 1857 मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, त्यामुळे तिथे जाऊ इच्छिणाऱ्यांनी जुन्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावर विसंबू नये आणि त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. एम.एफ.ए. (ललित कला) आणि एम.डेस. (डिझाइन) या पदव्युत्तर प्रवेशांत मात्र, अहमदाबादची एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था असो की बडोद्याची ललित कला विद्याशाखा, आधी केलेल्या कामाला फार महत्त्व येते.

परदेशी जायचे असेल तर पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच पोर्टफोलिओ हा अर्जाचा कणा असतो. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन 12 ते 20 कामे मागते, शिकागोची स्कूल ऑफ द आर्ट इन्स्टिट्यूट 10 ते 15 मागते. काही संस्था यांखेरीज एखादा विषय देऊन त्यावर खास काम करून घेतात. हे आकडे आणि अटी बदलू शकतात, म्हणून ज्या पाच-सहा ठिकाणी अर्ज करायचा आहे, त्यांच्या अटी एका मोठ्या कागदावर हाताने लिहून भिंतीवर लावाव्यात: किती कामे, कोणत्या स्वरूपात, फाइल किती मोठी चालते, विशेष काम आहे का, निवेदन (आपल्या कामाविषयीचे टिपण) किती शब्दांचे आणि शेवटची तारीख कोणती. आपल्याकडील वेळेनुसार मुदत नेमकी कधी संपते हेही तिथेच लिहून ठेवावे, कारण अमेरिकेतील मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ, आणि या फरकाने काहींना वाचवले आहे तर काहींना बुडवले आहे.

इंटरमिजिएटच्या हाताचे काय करावे

आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेल्या असतात. या परीक्षांनी हात तयार होतो, पोस्टर कलरचा सपाट, डागरहित थर द्यायला येतो आणि लंबवर्तुळ चुकत नाही, हे मी चित्रकला शिक्षक म्हणून अभिमानाने सांगतो. मात्र त्याच परीक्षा एक सवयही लावतात. तांब्या, त्यामागे लटकवलेले कापड, शेजारी दोन लिंबे आणि एक वांगे; स्मरणचित्रात पावसातला बसथांबा, छत्र्या घेतलेली माणसे; संकल्पचित्रात वर्तुळातील पाने-फुले. परीक्षकाला काय हवे असते ते ठाऊक असल्यामुळे विद्यार्थी समोरचा तांब्या न पाहता पाठ झालेला तांब्या काढतो. निवड समितीपुढे असे काम ठेवले की तिला चांगली शिकवणी दिसते, विद्यार्थी दिसत नाही.

म्हणून या प्रकारचे एखादे स्थिरचित्र ठेवायला हरकत नाही, पण एकच. संकल्पचित्रे बाजूला ठेवावीत. ए श्रेणीचे प्रमाणपत्र पोर्टफोलिओत लावू नये. अर्जात पुरस्कारांचा वेगळा रकाना असतो, ते तिथे शोभते.

निवड: शेहेचाळीसमधील पाच

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने माझ्या घराच्या हॉलमध्ये शेहेचाळीस चित्रे मांडली होती, आणि जागा पुरेना म्हणून काही सोफ्यावर ठेवली होती. त्यात अकरा गणपती होते, सहा नटनट्यांची पेन्सिल व्यक्तिचित्रे होती, काळ्या पेनने भरलेली मंडले होती, वारली नक्षीच्या दोन पाट्या होत्या, आणि जिल्हास्तरीय स्पर्धेत पहिले आलेले रंकाळ्यावरील सूर्यास्ताचे तैलचित्र होते. गठ्ठ्याच्या तळाशी उधारीची एक लांबट वही होती. वडिलांची पिठाची गिरणी होती. संध्याकाळी तिथे बसून दळण सांभाळताना त्याने वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर बॉलपेनने जे दिसेल ते काढले होते. फिरता पट्टा एका जागी ठरत नाही, म्हणून त्याने तो पाच-सहा रेषांत काढला होता आणि त्यातली एकही रेष खोडली नव्हती. दळणाच्या उलट्या डब्यावर बसलेली एक बाई होती, तिचा चेहरा नव्हताच, पण गुडघ्यावर टेकलेल्या हाताचे वजन जाणवत होते.

आम्ही एकेका चित्रापुढे एकच प्रश्न विचारत गेलो: हे काढताना समोर काय होते? समोर मोबाइलवरचा फोटो होता, कॅलेंडर होते किंवा दुसऱ्या कुणाचे चित्र होते, असे उत्तर आले की ते चित्र बाजूला. अर्ध्या तासात पाच उरली, आणि त्यातली तीन उधारीच्या वहीतली होती. सूर्यास्त गेला. वडील दारात उभे होते, ते म्हणाले, "सर, बक्षीस मिळालेलं चित्रच तुम्ही काढून टाकलंत?" त्यांचे वाईट वाटणे मला समजत होते. मी त्यांना इतकेच सांगितले की ते चित्र घरात लावायला चांगले आहे, पण असे सूर्यास्त समितीपुढे शेकड्यांनी येत असणार, तुमची गिरणी मात्र दुसऱ्या कुणाकडे नाही.

फोटोवरून हुबेहूब काढलेल्या व्यक्तिचित्रांबद्दल येथे थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण विद्यार्थ्यांचा सर्वाधिक वेळ त्यांत जातो आणि नातेवाइकांची सर्वाधिक वाहवाही त्यांनाच मिळते. त्यांत चिकाटी दिसते, हे खरे. पण त्रिमितीचे सपाट पृष्ठावर रूपांतर करण्याचे अवघड काम कॅमेऱ्याने आधीच केलेले असते आणि विद्यार्थी केवळ छटा जुळवतो. कान गालापासून किती मागे आहे, मान खांद्यात कशी रुतते, हे त्याला शोधावे लागत नाही. त्याऐवजी आजीला दुपारच्या वेळी खुर्चीत बसवून चाळीस मिनिटांत काढलेले, थोडे बिघडलेले चित्र कितीतरी अधिक सांगते. गणपती, वारली आणि मंडले यांचेही तेच. त्या परंपरांविषयी मला आदरच आहे, पण त्यांचे तयार आकार गिरवण्यात काढणाऱ्याचा स्वतःचा निर्णय फारसा नसतो.

आणखी एक बाब स्पष्टपणे सांगायला हवी. शिकवणीच्या वर्गांत सर किंवा मॅडम विद्यार्थ्याच्या चित्रावरून शेवटचा हात फिरवतात. प्रवेशासाठी पाठवायच्या कामावर तो अजिबात नसावा. संगणकाने स्वतःहून तयार केलेली प्रतिमा आपली म्हणून पाठवणे ही तर सरळ फसवणूकच आहे.

मे ते सप्टेंबर: काय काढावे

निवडीनंतर जागा रिकामी दिसते, ती भरण्यासाठी हे पाच महिने आहेत. रोज एक तास बसून, समोरची वस्तू पाहून रेखाटन करणे हा पाया. विषयासाठी लांब जावे लागत नाही. स्वयंपाकघरातील मिसळणाचा डबा झाकण काढून वरून काढावा. सात वाट्या, प्रत्येकीत वेगळ्या पोताची पूड, आणि स्टीलच्या कडेवर खिडकीचे वाकडे प्रतिबिंब. एसटी स्थानकावर माणसे गाडीची वाट पाहत बराच वेळ एकाच अवस्थेत बसतात, त्यामुळे तिथे फुकट मॉडेल मिळतात. मात्र कुणी विचारले तर वही उघडून दाखवावी आणि नको म्हटले तर थांबावे.

सायकलचा सराव अवश्य करावा. ऱ्होड आयलंडच्या त्या संस्थेत अनेक वर्षे प्रत्येक अर्जदाराला सायकलचे चित्र काढून पाठवावे लागे, आणि त्यामागचे कारण सायकल काढायला बसल्यावर कळते. रोज पाहिलेली वस्तू असूनही आठवणीतून काढताना अनेक जण साखळी पुढच्या चाकाला जोडतात किंवा सांगाड्याच्या नळ्या भलत्याच ठिकाणी मिळवतात. आधी न पाहता एक काढावी, मग सायकल समोर उभी करून दुसरी, आणि तिसऱ्यांदा ती आडवी पाडून. हे तीन कागद शेजारी ठेवले की आपण पाहतो किती आणि गृहीत धरतो किती, हे समजते.

जूनच्या शेवटी वहीतील विषयांपैकी कोणता पुन्हा पुन्हा येतो आहे ते पाहावे आणि त्यावर चार-पाच कामांची मालिका करावी. गिरणीच्या मुलाने 22 बाय 30 इंचाच्या इंपिरियल कागदावर कोळशाने आतला सगळा भाग काढला. पिठाची धूळ दाखवायला त्याने आधी पूर्ण कागद राखाडी करून घेतला आणि मग खोडरबराने उजेड मागे खेचला. दोन कागद मळून वाया गेले, तिसरा जमला. नंतर त्याने फक्त डब्यांची झाकणे घेतली, ज्यांवर गिऱ्हाइकांची नावे रंगाने लिहिलेली असतात, आणि त्यातून अक्षरांचे एक काम केले. शेवटचे काम पुठ्ठ्याचे होते, पट्टा आणि चाकांची एक डळमळती रचना. ती फारशी चांगली नव्हती, पण ठेवली, कारण आधीच्या चित्रांत जे शोधले होते तेच तो वेगळ्या द्रव्यात तपासत होता हे त्यातून कळत होते. एका विषयाचा असा पाठपुरावा दहा माध्यमांची दहा सुटी प्रात्यक्षिके दाखवण्यापेक्षा वजनदार ठरतो.

माध्यमांचे वैविध्य मालिकेतून आपोआप येत असेल तर उत्तम. केवळ यादी भरावी म्हणून तैलरंग विकत आणू नयेत. कार्ट्रिज कागद, कोळसा, जलरंगांची साधी पेटी आणि बॉलपेन एवढ्यावर पुरेसा पोर्टफोलिओ होतो. कोळशाच्या कामावर फिक्सेटिव्ह (कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा) उघड्या हवेत, दीड-दोन फुटांवरून, हलक्या दोन थरांत मारावे. कागदांमध्ये बटर पेपर घालावा. आणि कृपया चित्रांना लॅमिनेशन करू नये! हौसेने केलेले ते चकचकीत आवरण नंतर निघत नाही आणि फोटोत ट्यूबलाइटची पांढरी पट्टी उमटते ती कायमची.

रेखाटनवही

वहीची दोन-तीन जोडपाने पोर्टफोलिओत ठेवावीत. यासाठी वेगळी सुंदर वही तयार करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि तो बनाव ओळखू येतो. खरी वही डागाळलेली असते, तिच्यात एका कोपऱ्यात चित्राची अंगठ्याएवढी चार मांडणी-रेखाटने असतात, बाणाने जोडलेली टिपणे असतात. टिपणे मराठीत असली तरी चालतात, ती पुसून इंग्रजीत लिहिण्याची गरज नाही. ज्या पानावर विचार बदलला, ते पान निवडावे.

छायाचित्रण

एवढे कष्ट घेतल्यावर पलंगावर चित्र टाकून, वरून वाकून फोटो काढणारे लोक आहेत. निवड समिती मूळ चित्र पाहत नाही, ती पडद्यावरची प्रतिमा पाहते, म्हणून या टप्प्याला ऑक्टोबरमधील दोन पूर्ण दिवस राखून ठेवावेत.

ए-4 आकारापर्यंतची कामे 300 डीपीआयने (दर इंचाला 300 बिंदू) स्कॅन करावीत. त्याहून मोठी कामे फोटोने घ्यावी लागतात. उत्तरेकडील खिडकीजवळची किंवा ओसरीतील सावलीची भिंत निवडावी. थेट ऊन नको, फ्लॅश नको, आणि संध्याकाळचे दिवेही नकोत, कारण बल्ब कागद पिवळा करतो आणि काही ट्यूबलाइट त्याला हिरवट झाक देतात. सकाळी दहा-अकराचा पसरलेला उजेड बरा. चित्र भिंतीवर सरळ उभे लावावे, जमिनीवर ठेवू नये. काच असेल तर काढावी.

मोबाइलची भिंग रुंद कोनाची असते, त्यामुळे जवळून काढल्यास कागदाच्या कडा फुगतात. दोन-अडीच मीटर मागे जाऊन, दुप्पट झूम देणारी भिंग असल्यास ती वापरून, मोबाइल तिपाईवर किंवा पुस्तकांच्या ढिगावर चित्राच्या बरोबर मध्याइतक्या उंचीवर ठेवावा. पडद्यावरची जाळी सुरू करून चित्राच्या चारही कडा तिच्या रेषांना समांतर आल्या की तीन सेकंदांच्या टायमरने फोटो घ्यावा, म्हणजे बोटाच्या धक्क्याने तो हलत नाही. एकाच बाजूने उजेड येत असेल तर दुसऱ्या बाजूला पांढरा थर्मोकोल किंवा चादर धरावी, नाहीतर चित्राची एक बाजू काळवंडते. प्रत्येक फोटोत चित्राशेजारी एक कोरा पांढरा कागदही येऊ द्यावा. नंतर संगणकावर तो कागद पांढरा दिसेपर्यंत रंगसंतुलन बदलले की चित्राचे रंगही जागेवर येतात; मग फोटोतील त्या कागदाचा भाग कापून टाकावा.

दुरुस्ती इथेच थांबावी. पेन्सिलचे काम फोटोत राखाडी दिसते म्हणून उठाव (कॉन्ट्रास्ट) वाढवण्याचा मोह होतो आणि त्यात हलक्या छटा नाहीशा होतात. मूळ चित्र शेजारी धरून डोळ्यांनी पडताळत जावे. त्रिमितीय काम साध्या पार्श्वभूमीवर, दोन कोनांतून आणि एक तपशील जवळून घ्यावा.

क्रम, नावे आणि शब्द

सर्वांत भक्कम काम पहिले आणि त्याच्या खालोखालचे शेवटी. मधली कामे काढल्याच्या तारखेने लावू नयेत. मालिका सलग ठेवावी. मर्यादा 20 ची असली आणि चांगली कामे 14 असली तर 14 च पाठवावीत, कारण पंधरावे कमजोर काम पाहणाऱ्याला आधीच्या चौदांबद्दलही शंका घ्यायला लावते. शंका असेल ते काम काढून टाकावे.

प्रत्येक कामासोबत शीर्षक, माध्यम, सेंटिमीटरमध्ये आकार आणि वर्ष द्यावे. वर्णनात माहिती हवी: "वडिलांच्या गिरणीत, चार संध्याकाळी बसून, कोळसा आणि खोडरबर." एवढे पुरते. निवेदनात मात्र अनेकांची लेखणी घसरते. "चित्रकला हा माझा श्वास आहे, लहानपणापासून रंगांनी मला भुरळ घातली" अशी वाक्ये कुणाच्याही अर्जात चपखल बसतात, म्हणून ती निरुपयोगी आहेत. माझा अनुभव असा की ज्यांना इंग्रजीत लिहिताना अवघडल्यासारखे होते, त्यांनी निवेदन आधी मराठीत, एखाद्या मित्राला सांगावे तसे लिहावे: काय पाहत होतो, काय जमत नव्हते, मग काय करून पाहिले. त्यानंतर ते साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत न्यावे. भाषा तपासून घेण्यास हरकत नाही, पण तपासणाऱ्याने स्वतःचे विचार त्यात मिसळू नयेत, आणि मुलाखतीत त्यावर बोलता येईल एवढेच त्यात असावे.

फाइलला "फायनल-नवीन-2" असले नाव न देता क्रमांक, आडनाव आणि शीर्षक द्यावे. जेपीईजी प्रतिमा, लांब बाजू 2000 ते 3000 पिक्सेल, एसआरजीबी रंगयोजना (पडद्यांसाठीची नेहमीची) हे बहुतेक ठिकाणी चालते. संस्थेने वेगळे सांगितले असेल तर तेच पाळावे. बऱ्याच अमेरिकी संस्था स्लाइडरूम या संकेतस्थळावर कामे चढवायला सांगतात. तिथे खाते ऑक्टोबरमध्येच उघडून एक-दोन प्रतिमा चढवून पाहाव्यात आणि शुल्क भरायचे कार्ड परदेशी व्यवहारासाठी सुरू आहे की नाही, हे बँकेत विचारून घ्यावे. शेवटच्या रात्री चित्रे तयार असूनही या कार्डापायी अडकलेले पालक मला ठाऊक आहेत.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तयार पोर्टफोलिओ चित्रकलेशी संबंध नसलेल्या एका माणसाला काहीही न सांगता दाखवावा आणि तो कुठे थांबतो, कुठे पटकन पुढे सरकतो, हे फक्त पाहावे. नॅशनल पोर्टफोलिओ डे या उपक्रमात अनेक संस्थांचे प्रतिनिधी ऑनलाइनही कामे पाहून सल्ला देतात. तिथे अपूर्ण कामही घेऊन जाता येते, आणि खरे तर त्याचाच फायदा अधिक होतो.

अर्जानंतर

अर्ज पोहोचल्याची पोच जपून ठेवावी आणि चढवलेल्या प्रतिमा एकदा दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहाव्यात. मूळ चित्रे सपाट, दोन प्लायच्या पाट्यांमध्ये बांधून कोरड्या जागी ठेवावीत. गुंडाळी केलेला कोळशाचा कागद उलगडताना तडकतो आणि पुसटही होतो. प्रवेश निश्चित होईपर्यंत त्यातले एकही चित्र कुणाला भेट देऊ नये किंवा विकू नये, अगदी मामांनी हट्ट धरला तरी. मुलाखत घेणारे कधी कधी व्हिडिओ कॉलवर मूळ चित्र कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतात, कधी वही मागतात आणि मध्येच कुठलेही पान उघडून विचारतात की हे इथे का सोडून दिले.